चाळीस किलोची मोळी आणि कमरेवरचं तेल

साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की बीड जिल्ह्यातल्या माजलगावात एका आयुर्वेदिक दवाखान्यात कंबर धरून येणाऱ्या ऊसतोड बायका वाढतात. हंगामात दुखणं दाखवायला वेळ नसतो. मजुरी टनावर मिळते. 2024च्या जानेवारीत ठरलेला दर टनाला 366 रुपये. कोयता थांबला की मजुरीही थांबते.

पालथी झोपलेली बाई पंचेचाळिशीची असेल. परिचारिका तिच्या कमरेवर उडदाच्या पिठाची जाड पाळ बसवते आणि तेल गळू नये म्हणून कडा ओल्या बोटानं लिंपते. गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीतलं तेल आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघते, मगच पाळीत ओतते. निवलं की कापसानं टिपून वाटीत पिळते, पुन्हा तापवते. अर्धा तास हेच चालतं. दर खेपेला तीच चौकशी, "पोळतंय का मावशी?"

"न्हाई गं. मोळी चाळीस किलोची भरती. ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. त्यापुढं ह्ये काय!"

तेलानंतर वाफ. प्रेशर कुकरच्या शिट्टीच्या जागी रबरी नळी लावलेली, आत दशमुळं आणि निर्गुंडीचा काढा. निर्गुंडीचा उग्र वास कपड्यांतून दिवसभर जात नाही.

चरकसंहितेत 80 वातविकार सांगितले आहेत. कमरेतून पायात उतरणारी कळ, म्हणजे गृध्रसी, त्यातलीच. तिच्यासाठी स्नेहन म्हणजे तेल, स्वेदन म्हणजे वाफ आणि बस्ती म्हणजे औषधी एनिमा, हा जुना क्रम. आयुर्वेदिक उपचारांची आधुनिक तपासणीही झाली आहे, पण ती गुडघ्याच्या दुखण्यावर. पुण्याचे डॉ. अरविंद चोपडा आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या संधिवाताच्या 440 रुग्णांवर 24 आठवडे प्रयोग केला. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात आयुर्वेदिक औषधं सेलेकॉक्सिब या वेदनाशामकाच्या तोडीची ठरली, मात्र काही रुग्णांच्या रक्तात यकृताचं विकर वाढलेलं आढळलं. बर्लिनच्या शारिते रुग्णालयाच्या संशोधकांनी गुडघेदुखीच्या 151 रुग्णांचे दोन गट केले आणि एका गटावर 12 आठवडे आहार, मालीश आणि योगासह आयुर्वेदिक उपचार केले. नेहमीचे उपचार घेणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा त्यांना जास्त आराम पडला. पण कोणता उपचार मिळतोय हे रुग्णांना ठाऊक होतं, हेही लक्षात ठेवायला हवं. आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी प्रत्येक पुडी निर्धोक नसते. 2004 साली बॉस्टन परिसरातल्या दुकानांतल्या 70 उत्पादनांपैकी 14मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

तरीही बीड जिल्ह्यात या तेलाला वेगळं मोल आहे. 2019 साली सरकारी समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कंबर आणि ओटीपोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेलेल्या कित्येकींना 'पिशवी काढा' हाच सल्ला मिळाला होता. इथे शस्त्राआधी कुणीतरी कमरेला हात लावून दुखणं नेमकं कुठं आहे ते विचारतं.

निघताना डॉक्टर तिला ओझं उचलू नका, असं बजावतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नाही, असं ती सांगते. दिवाळीच्या सुमाराला टोळी निघेल आणि चाळीस किलो पुन्हा त्याच मणक्यांवर येतील. म्हणून या उपचाराचा अर्धा भाग कारखान्यांनी उचलायला हवा: मोळीच्या वजनाला मर्यादा, गाडी भरायला यंत्र आणि मजुरी न कापता आठवड्याची सुट्टी.