नियमांची आज्ञावली आणि ज्ञानाचे नूतनीकरण

तालुक्याचे ठाणे बहुधा त्याच नावाच्या गावी असते. सातारा जिल्ह्यातील अकरा तालुक्यांपैकी कराड, वाई, पाटण, फलटण आदी आठ तालुक्यांच्या बाबतीत हा नियम खरा ठरतो. जावळी तालुक्याचे ठाणे मात्र वेण्णाकाठच्या मेढा या गावी आहे. त्याचप्रमाणे माणचे दहिवडीस आणि खटावचे वडूजला. ज्यास हे अपवाद ठाऊक नाहीत तो जावळीचे ठाणे जावळी येथेच समजेल, आणि मेढ्याची माहिती मिळताच हा निष्कर्ष मागे घेईल.

गणितातील तर्क असा नसतो. तेथे नवे गृहीत जोडल्याने जुना सिद्धांत ढळत नाही. निष्कर्षांचा संच केवळ वाढत जातो. अशा तर्कास एकदिश म्हणता येईल. व्यवहारातील तर्क एकदिश नसतो. त्यास शास्त्रीय रूप देण्याचे महत्त्वाचे प्रयत्न रेमंड रायटर व जॉन मॅकार्थी यांनी 1980 साली प्रसिद्ध केले. पुढे 1988 मध्ये मायकेल गेल्फंड व व्लादिमीर लिफ्शिट्झ यांनी संगणकाच्या तर्काधिष्ठित आज्ञावलीतील ‘अन्यथा सिद्ध होत नसेल तर’ या अटीचा अर्थ काटेकोरपणे निश्चित केला. या अटीमुळे सर्वसाधारण नियम व त्याचे अपवाद एकत्र नांदू शकतात.

परंतु अपवाद कळणे निराळे आणि जग बदलणे निराळे. 1949 साली सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. 1960 साली उत्तर साताऱ्यास सातारा व दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. ‘मेढा उत्तर सातारा जिल्ह्यात आहे’ हे विधान 1955 साली चूक नव्हते; ते पुढे कालबाह्य झाले. चुकीची दुरुस्ती आणि बदलाची नोंद यांतील हा भेद कात्सुनो व मेंडेलझोन यांनी 1991 साली स्पष्टपणे मांडला.

आता प्रश्न असा की, नूतनीकरण निष्कर्षांचे करावे की नियमांचे? समजा, जुन्या आज्ञावलीत चार गोष्टी आहेत : मेढा जावळी तालुक्यात आहे, जावळी तालुका उत्तर साताऱ्यात आहे, तालुक्याचा जो जिल्हा तोच गावाचा, आणि उत्तर साताऱ्याची जिल्हा कचेरी सातारा शहरी आहे. यांवरून निघालेल्या निष्कर्षांची केवळ यादी ठेवली आणि 1960 साली तीतील जावळीची नोंद तेवढी बदलली, तर ‘मेढा उत्तर साताऱ्यात’ ही नोंद तशीच राहील. तिचा आधार गेला आहे, हे यादीला कळण्यास मार्ग नाही.

म्हणून आल्फेरेश, लैते, पेरैरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 च्या सुमारास नियमांच्याच नूतनीकरणाची पद्धत मांडली. तिचे तत्त्व असे : नव्या नियमाची अट पुरी होऊन तो जुन्या नियमाशी विरोधी निष्कर्ष देत असेल तरच जुना नियम रद्द समजावा, बाकीचे कायम राहतात. ‘जावळी उत्तर साताऱ्यात नाही, साताऱ्यात आहे’ आणि ‘सातारा जिल्ह्याची कचेरी सातारा शहरी आहे’ हे नवे नियम जोडले की निष्कर्षांची गती तीन प्रकारची होते. मेढा जावळीत आहे, हे अबाधित राहते. मेढा उत्तर साताऱ्यात आहे, हे आधार गेल्याने आपोआप गळते. मेढ्याची जिल्हा कचेरी सातारा शहरी, हे टिकते. पण आता ते नव्या आधारावर उभे असते.

नियमांच्या विरोधात क्रमाने निर्णय करण्याची कल्पना भारतीय परंपरेस अपरिचित नाही. परंपरेने लावलेल्या अर्थानुसार पाणिनीच्या अष्टाध्यायीत (1.4.2) तुल्यबल नियमांत पुढचा नियम प्रभावी ठरतो. अर्थात तेथील क्रम ग्रंथातील स्थानाचा आहे, येथील काळाचा.

ही पद्धत सर्वस्वी निर्दोष ठरली, असे मात्र नाही. ‘अ असेल तर अ’ असा काहीही न सांगणारा नियम जोडला तरी आरंभीच्या काही मांडण्यांत उत्तरे बदलत. आल्फेरेश, बांटी, ब्रोगी व लैते यांनी 2005 साली हा दोष टाळणारी सुधारित मांडणी दिली. निष्कर्षाबरोबर त्याचे कारणही जपणे, हेच ज्ञानाच्या नूतनीकरणाचे मर्म होय. कारण हरवलेली नोंद केव्हा खोटी झाली, हे कोणासही सांगता येत नाही.