चिंध्यांचे महावस्त्र

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसतात. त्यापूर्वीच्या पंधरवड्यात आमच्या संगमनेर परिसरात ‘दसरा काढण्याची’ एकच धांदल उडते. भिंती झाडून होतात, भांडी लखलखतात आणि घरातील यच्चयावत् गोधड्या धुण्यासाठी बाहेर निघतात. प्रवरेच्या काठी त्या वाळत पडल्या म्हणजे लुगड्याचे काठ, धोतराचे पान, सदऱ्याची बाही, बाळाचे झबले असे एकेका कुटुंबाचे वस्त्रभांडारच उन्हात मांडलेले दिसते.

टाकाऊ वस्तूंतून कलाकृती घडविण्याचे वर्ग हल्ली शहरांतून भरतात. त्यांचे आम्हांस कौतुकच आहे. परंतु ही विद्या आमच्या आयाबायांनी ओसरीवर बसून केव्हाच सिद्ध केली होती. धुवून धुवून मऊ झालेले नऊवारी लुगडे खाली अंथरावयाचे, त्यावर जुन्या धोतरांचे थर द्यावयाचे, वर रंग पाहून तुकडे जुळवावयाचे. मोठ्या टाक्यांनी थर जखडले की काठाकडून मध्याकडे धावदोऱ्याच्या ओळी चालू लागतात. थरांमध्ये कोंडलेली हवा ऊब देते, आणि दाट टाक्यांमुळे ताण विभागला जाऊन विरलेले कापडही वर्षानुवर्षे टिकते. या कलेस गरजेने जन्म दिला, हे खरे. तथापि कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग शोभेल, हा विचार गरजेच्या पलीकडचा आहे.

अशा ठिगळांच्या वस्त्रास संस्कृतात ‘कन्था’ म्हणतात. वंगदेशीचा ‘कांथा’ तो हाच. भगवान बुद्धांच्या भिक्षूंसाठी धुळीत टाकलेल्या चिंध्यांचे ‘पांसुकूल’ वस्त्र विहित होते. मगधातील भातखाचरांसारखी चौकटींची जुळणी करावी, असे बुद्धांनी आनंदास सुचविल्याचे विनयपिटक सांगते. आमच्याच जिल्ह्यातील कर्जतचे ग्रामदैवत गोदड महाराज या नावाने पूजिले जाते. आणि गाडगेबाबा (१८७६–१९५६)! अंगावर चिंध्या जोडलेले वस्त्र, हाती खराटा. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनास उभे राहावे, हा त्यांचा नेम. कीर्तनास उभे राहणाऱ्या आम्हां सर्वांचे ते वस्त्र म्हणजे महावस्त्रच होय.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात जीर्ण वस्त्र टाकण्याचा दृष्टांत आहे. आत्म्याच्या बाबतीत तो सर्वथा मान्य. पण भगवंतांनी टाकावयास सांगितलेले ते वस्त्र आमच्या माउलीने हळूच उचलले, त्यास दुसरा जन्म दिला, आणि त्यात नातवंड गुंडाळले!

आज चित्र पालटत आहे. घरात कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. त्या घाम शोषीत नाहीत, जुन्या लुगड्याचा मऊपणा त्यांस येत नाही. बाजारात तयार पांघरुणे स्वस्त झाली आणि सुई खाली ठेवली गेली. मग दसरा काढताना निघालेली जुनी वस्त्रे गाठोड्यात बांधून, निर्माल्यासोबत, पुलावरून नदीत सोडली जातात. सुती चिंधी कालांतराने कुजून मातीस मिळते. कृत्रिम धागा वर्षानुवर्षे झुडपांना व खडकांना वेढून राहतो. घर शुद्ध करावयाचे आणि ज्या नदीचे पाणी घटात भरावयाचे तीच मलिन करावयाची, यास देवीची सेवा कसे म्हणावे?

वाचक माताभगिनींस आमची विनंती एवढीच. यंदा गोधड्या धुताना साबणाचे पाणी प्रवाहात जाऊ देऊ नये. निघालेल्या कपड्यांतील सुती वस्त्रे निवडून ठेवावीत. उरलेल्यांच्या पिशव्या, पायपुसणी करावीत. घरात सत्तरी ओलांडलेली आजी असेल तर तिच्या शेजारी नातीस बसवावे. नातवालाही बसविण्यास शास्त्राची आडकाठी नाही. टाका हातातून हातात जातो, आणि तो ज्यांना येतो ती पिढी आता थकली आहे. कार्तिकाची थंडी पडेतो एक गोधडी सहज पुरी होईल.