लोकताकच्या काठावरचे ताट

मणिपूरमधील मोइरांग हे लोकताक सरोवराकाठचे छोटे शहर इतिहासाच्या पुस्तकांत एका तारखेपुरते येते. १४ एप्रिल १९४४ रोजी आझाद हिंद सेनेने येथे तिरंगा फडकविला. एरवी उर्वरित भारताला ते आठवते नोव्हेंबरच्या अखेरीस, संगाई महोत्सवाच्या निमित्ताने. मे २०२३ पासूनच्या हिंसाचाराची छाया या उत्सवावरही पडली आहे. तरी खाद्यपदार्थांचे मांडव हे त्याचे मुख्य आकर्षण राहिले आहे.

या मांडवांतले पदार्थ मुळात पाणथळीचे. उकडलेल्या भाज्या मिरची आणि न्गारीसह (न्गारी म्हणजे आंबवलेला मासा) कुस्करून केलेला एरोम्बा, कमळाचे कोवळे देठ बारीक चिरून केलेला सिंजू, शिंगाडे, मखान्याच्या काटेरी वेलीचे सोललेले देठ. मात्र पेंगबा या माशाची कथा वेगळी आहे. तो मणिपूरचा राज्यमासा. म्यानमारमधील चिंदविन नदीतून पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध चढत मणिपूर खोऱ्यातील तळ्यांपर्यंत येई. १९८३ मध्ये १०५ मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पासाठी इथाई येथे बंधारा उभा राहिला आणि ती वाट बंद झाली. आज ताटात येणारा पेंगबा शेततळ्यात वाढविलेला असतो. राज्यमाशाचा मान आणि नदीतून हद्दपारी, हा योग सरकारी कारभारालाच साधतो!

बंधाऱ्याने सरोवराची पातळी वर्षभर चढती ठेवली. पूर्वी हिवाळ्यात पाणी उतरे, तरंगत्या वनस्पतींचे थर, म्हणजे फुमदी, तळाला टेकत आणि मातीतून पोषण घेत. आता ते सतत तरंगतात आणि झिजतात. केइबुल लामजाओ उद्यानातील संगाई हरणाचा, ज्याच्या नावाने महोत्सव भरतो त्याचा, आधार हेच थर आहेत. १९९० मध्ये रामसर यादीत आलेले लोकताक तीनच वर्षांत धोक्यातील पाणथळींच्या नोंदीत गेले, त्याचे हेही एक कारण.

उत्सवाची फाइल पर्यटन खात्यात, माशांची मत्स्यव्यवसाय खात्यात, सरोवराची विकास प्राधिकरणाकडे. पाण्याची पातळी मात्र वीजप्रकल्पाच्या गरजेनुसार ठरते. बंधारा पाडावा ही मागणी जुनी आहे. माझ्या मते तूर्त विजेचे थोडे नुकसान सोसून हिवाळ्यात पातळी उतरू द्यावी आणि मासे वर चढण्याच्या दिवसांत दरवाजे खुले ठेवावेत. त्या वेळापत्रकावर मोइरांगच्या कोळ्यांचीही सही असावी.