अष्टपैलूची किंमत: शादलूवरचे 2.35 कोटी

प्रो कबड्डीच्या लिलावात अष्टपैलू खेळाडूवरून नेहमी वाद होतो: चढाई आणि पकड, दोन्हींचे पैसे मोजायचे, पण खेळाडू दोन्हींत तेवढा भारी असतो का? ऑक्टोबर 2023 मध्ये पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर 2.35 कोटी लावले. प्रत्येक संघाची खर्चमर्यादा 5 कोटी, म्हणजे जवळजवळ निम्मी रक्कम एकट्यावर. शंका रास्त होती, कारण पाटणा पायरेट्समध्ये त्याचे नाव झाले ते डाव्या कोपऱ्यातल्या पकडींमुळे. चढाई ही त्याची जोडीची कला.

उत्तर मैदानावर मिळाले. त्या दहाव्या हंगामात सर्वाधिक पकड-गुण त्याचेच, आणि 1 मार्च 2024 रोजी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 हरवून पहिले विजेतेपद मिळवले. अर्थात कर्णधार अस्लम इनामदारसारखा खराखुरा अष्टपैलू सोबत होता, हे विसरता येत नाही.

पुढच्या लिलावात हरियाणाने शादलूला 2.07 कोटींना घेतले. 29 डिसेंबर 2024 रोजी बालेवाडीत हरियाणाने पाटण्याला 32-23 नमवून चषक जिंकला.