फुलदांडे आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी

यवतमाळच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत लोह आणि जस्त असते. पण सामू ८ च्या पुढे गेला की ते मुळांना मिळत नाही. ग्लॅडिओलस, शेवंती, गुलाब यांची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ती लोहाची कमतरता. अशा जमिनीत नुसते हिराकस (फेरस सल्फेट) टाकणे बहुधा वायाच जाते. पानांवरची फवारणी लवकर लागू पडते. जस्त हे ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकासाठी लागते. ते कमी पडले की पेरी आखूड राहतात, दांडा बुटका होतो, आणि फुलबाजारात भाव तर दांड्याच्या लांबीवरही ठरतो. बोरॉन पेशीभित्तिकांच्या घडणीला हवे. मात्र त्याची गरज आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे.

झिंक सल्फेट व हिराकस ०.५ टक्के, बोरॅक्स ०.२ टक्के, ही सर्वसाधारण प्रमाणे. झिंक सल्फेटच्या द्रावणात त्याच्या निम्मा चुना घालतात, नाहीतर पाने करपतात. फवारणी सकाळी किंवा सायंकाळी, कळ्या रंग दाखवण्याआधी करावी. नंतर पाकळ्यांवर डाग पडतात. कीटकनाशकांसोबत एकाच पंपात मिसळण्याचा मोह टाळलेला बरा. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले होते.