शिवणीतली माया

अर्धा रमजान सरला की मोहल्ल्यातल्या टेलरच्या दुकानाबाहेर पुठ्ठ्याची पाटी लटकते, 'ईदच्या ऑर्डरी बंद'. आत मशीनवर मान खाली घालून चार कारागीर बसलेले असतात, फळीवर कापडाचे गठ्ठे छतापर्यंत गेलेले असतात आणि दारात एखादी आई लहानग्याचं बोट धरून विनवत असते, "मास्टर, एवढासा तर कुर्ता आहे, कुठंही बसेल." मास्टर मान हलवतो. एवढासा कुर्ता शिवायला मोठ्या कुर्त्याइतकाच वेळ लागतो, हे त्याला ठाऊक असतं. मजुरी मात्र एवढीशीच मिळते.

मग पाय वळतात रेडिमेडकडे. लहान मुलांच्या शेरवान्या, नेटचे घोळदार फ्रॉक, जरीच्या जॅकेटांचे सेट. हँगरवर सगळं सुरेख दिसतं. ईदच्या सकाळी मूल ते अंगात घालतं आणि ईदगाहवरून परतेपर्यंत गळा खाजवून लाल करतं. शीरखुर्म्याची वाटी हातात येण्याआधी शेरवानी खुंटीवर आणि मूल बनियनवर, हे दृश्य अनेक घरांत दरवर्षी दिसतं. ज्यांनी कधी सुई हातात धरलेली नाही त्यांनीही यंदा निदान एक कपडा घरी शिवून बघावा, असं मला वाटतं. पंधरा दिवस पुरेसे आहेत.

ईदला नवेच कपडे हवेत, असा दंडक नाही. आंघोळ करावी, असतील त्यांतले चांगले कपडे घालावेत, अत्तर लावावं, एवढंच सांगितलेलं आहे. 'चांगले'चं 'नवे' आणि 'नवे'चं 'महाग' आपणच करून ठेवलं. आणि शिवणकाम हे बायकांचं काम, ही समजूतही नंतरची. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) घरी असताना आपले कपडे स्वतः शिवत, चपला स्वतः दुरुस्त करत, असं हजरत आयेशा (र.) यांनी सांगितल्याची नोंद आहे. पहिला शिंपी म्हणून परंपरा हजरत इद्रीस (अ.) यांचं नाव घेते; उत्तर भारतातले अनेक शिंपी त्यावरूनच स्वतःला इद्रिसी म्हणवतात. आपल्या महाराष्ट्रात तर संत नामदेवांचं घराणंच शिंप्याचं. तेव्हा घरातल्या अब्बांनी सुईत दोरा ओवला तर इज्जतीला काही धक्का लागत नाही.

नवशिक्यांनी पहिला कपडा मुलाचा नाही, बाहुलीचा शिवावा. यात गंमत आहे तसा हिशोबही आहे. मुलाचा कुर्ता बिघडला तर सव्वा मीटर कापड गेलं. बाहुलीचा बिघडला तर एक चिंधी.

बाहुली म्हटल्यावर काही घरांत भुवया उंचावतात, कारण सजीवांच्या प्रतिमांचा प्रश्न येतो. त्यावर हजरत आयेशांचीच हकिगत वाचण्यासारखी आहे. त्या बाहुल्यांशी खेळत, मैत्रिणी खेळायला येत, पैगंबर घरात आले की त्या मुली लाजून लपत आणि ते त्यांना पुन्हा खेळायला पाठवत, असं हदीसच्या प्रमाण ग्रंथांत आहे. 'अबू दाऊद'च्या संग्रहात याहून गोड प्रसंग येतो. आयेशांच्या बाहुल्यांमध्ये एक घोडा होता आणि त्याला चिंध्यांचे दोन पंख लावलेले होते. घोड्याला पंख कसे, असं पैगंबरांनी विचारलं. हजरत सुलेमानांच्या घोड्यांना पंख होते हे तुम्ही ऐकलं नाहीत का, असा उलट सवाल आला आणि पैगंबर मोकळेपणाने हसले. याच हदीसच्या आधारे बहुतेक फकीहांनी मुलांच्या बाहुल्यांना सूट दिली आहे. ज्यांना तरीही संकोच वाटतो त्यांनी नाकडोळे नसलेली कापडी बाहुली करावी. तिच्यावरही कुर्ता तितकाच शोभतो. पण चिंध्यांनी खेळणाऱ्या मुलीच्या हातातून बाहुली काढून घेऊ नये. आणि मुलग्याला हा खेळ आवडला तर त्याला पंखवाला घोडा शिवू द्यावा.

बाहुलीचा कुर्ता असा. बाहुलीच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच्या लांबीच्या दुप्पट कापड घ्या, मधोमध दुमडा. दुमडीवर खांदा येतो, म्हणजे खांद्याची शिवण वाचली. प्लास्टिकच्या बाहुलीचे हात ताठ असतात, डोक्यावरून कपडा जात नाही. म्हणून गळा कापला की मागची बाजू वरपासून खालपर्यंत उघडी ठेवून तिथं दोन टिचबटणं लावायची. बाह्या आधी सपाट कापडालाच जोडा आणि बाजूची शिवण शेवटी घाला. गोल झालेल्या इवल्याशा बगलेत बाही बसवणं कसलेल्या शिंप्यालाही जड जातं. जरीचं कापड इथं नको, त्याचे धागे सुटतात. घट्ट विणीचं सुती घ्या. हे सगळं मशीनशिवाय होतं. धावदोरा, उलटी टीप आणि हेम, शाळेतल्या शिवणाच्या तासाला शिकवत ते तीन टाके आले की झालं.

बाहुलीच्या अंगावर कुर्ता बसला की मुलाच्या कुर्त्याकडे वळायला हरकत नाही. माझी शिफारस कळीदार कुर्त्याची. तो दिसायला भारदस्त, पण शिवायला सोपा. त्यात मुंढ्याचे गोलावे नाहीत, बहुतेक सगळे तुकडे सरळ रेषेत कापायचे. मधला लांब पट्टा समोरून मागे एकसंध जातो. दोन बाह्या म्हणजे दोन चौकोन. बाजूंना घेर देणाऱ्या चार कळ्या. एक लांबट चौकोन तिरका कापला की दोन कळ्या निघतात आणि वाया काही जात नाही. उरतो बगलेखालचा तीन इंचांचा चौकोनी तुकडा, चौबगला. हा छोटा तुकडा टाळावा असं नवशिक्यांना हमखास वाटतं. टाळू नका. तकबीरला हात कानाशी नेताना, सजद्यात हात पुढे टेकवताना, आणि मुलांच्या बाबतीत पाळण्यात बसून आरडताना, सगळा ताण बगलेवर येतो. चौबगला तो ताण वाटून घेतो. कारखान्यातल्या स्वस्त कुर्त्यात तो नसतो आणि दुपारपर्यंत बगल उसवलेली असते.

मापासाठी टेप घेऊन मुलामागे धावायची गरज नाही. त्याला नीट बसणारा जुना कुर्ता वर्तमानपत्रावर पसरा, कडेने पेन फिरवा आणि आधी कागदच कापून बघा. चार वर्षांच्या मुलाला वीस इंच लांबीचा कुर्ता करायचा तर छत्तीस इंच पन्ह्याचं सव्वा मीटर कापड पुरतं आणि बाहुलीपुरतं उरतंही. गळा मात्र वाटतो त्याहून लहान कापा. लहान गळा मोठा करता येतो, मोठा झालेला लहान होत नाही. गळ्याला आतून उरेब पट्टी लावा, म्हणजे कापडाच्या तिरक्या अंगाने काढलेली. ती ताणली जाते आणि गोलाव्यावर निमूट बसते. काजं घरी करत बसू नका. काज-बटणवाल्याकडे किंवा त्याच टेलर मास्टरकडे द्या. पाच मिनिटांच्या कामाला तो नाही म्हणत नाही.

कापड सुती असावं. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या मागांवर इतकं सुती कापड निघतं की महाराष्ट्रात राहून मुलाच्या अंगावर पॉलिएस्टर चढवणं मला पटत नाही. मालेगाव-भिवंडीत हा धंदा रुजला तो १८५७ नंतर उत्तरेतून परागंदा होऊन आलेल्या मोमीन विणकरांमुळे. आज ईदच्या बाजारात त्यांच्याच वस्त्यांमध्ये चकचकीत कृत्रिम कापड अधिक खपतं, हा एक उफराटा प्रकार. मुलग्यांसाठी अस्सल रेशीम तसंही वर्ज्य. त्यावर जुन्या विणकरांनी काढलेली तोड म्हणजे मशरू, बाहेरून रेशीम आणि अंगाला लागणारी बाजू सुती. नावाचा अर्थच शरियतला मान्य असलेलं. मशरूचा किंवा औरंगाबादी हिमरूचा वीतभर तुकडा घरात पडला असेल तर कुर्त्याच्या गळपट्टीला लावा. शेरवानीचा सगळा थाट तेवढ्यात येतो. आणि कोणतंही सुती कापड कापण्याआधी एकदा पाण्यातून काढून वाळवा. ते आटायचं तेवढं आधीच आटू दे.

आता मायेचं. मराठी शिंप्यांनी शिवणीत सोडलेल्या जादा कापडाला 'माया' हा शब्द कसा दिला असेल कोण जाणे, पण दिला तो लहान मुलांचे कपडे डोळ्यांसमोर ठेवूनच असणार. बाजूच्या शिवणीत एक इंच माया ठेवा, खालच्या दुमडीत तीन इंच. चार-पाच वर्षांचं मूल वर्षाला पाच-सात सेंटिमीटर वाढतं. आपलं चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणजे पुढची ईद दहा-अकरा दिवस आधीच येते. दुमड सोडली, बाजू उसवून पुन्हा टीप मारली की तोच कुर्ता पुढच्या ईदलाही चालतो. जुन्या फ्रॉकांवर खालच्या बाजूला फिकट-गडद रेघा दिसत, त्या अशा सोडलेल्या दुमडींच्या. रेघ मोजली की फ्रॉकने किती ईदी पाहिल्या ते कळे. रेघ झाकायला तिच्यावर लेस लावायची हे आमच्या नानीचं शास्त्र होतं. रेडिमेड कपड्याची शिवण उलटी करून बघा, माया दोऱ्याइतकी असते.

मुलांना हल्ली 'थीम' हवी असते. चाँद-तारे, कंदील, मिनार, कधी रॉकेट. ती बाजारातूनच आणायला हवी असं नाही. कापडावर वाटी पालथी घालून खडूने गोल काढा, तीच वाटी दोन बोटं सरकवून दुसरा गोल काढा. दोन रेषांच्या मधे चंद्रकोर मिळते. आईच्या जुन्या दुपट्ट्याच्या सोनेरी कापडातून ती कापायची, कडा पाव इंच आत दुमडून कुर्त्याच्या खिशावर बारीक टाक्यांनी बसवायची. तारे नवशिक्यांनी सोडून द्यावेत, कोपरे फार छळतात. ताऱ्यांच्या जागी टिकल्या लावा. आणि त्याच दुपट्ट्याची करंगळीएवढी कोर बाहुलीच्या कुर्त्यावर. आई-मुलीच्या, बाप-लेकाच्या जोड-कपड्यांची आज मोठी टूम आहे. बाहुलीशी जुळणाऱ्या कपड्यावर मुली त्याहून जास्त खूष होतात, असा माझा अनुभव आहे.

रोजात शिवायचं तर वेळ बघून. कात्री चालवायची ती फजरनंतर, डोकं ताजं आणि पोटात सहरी असताना. असरच्या सुमाराला घसा कोरडा पडतो, नजर थकते, तेव्हा बेतायला बसू नये. त्या वेळी धाग्यांची टोकं कापणं, बटणं निवडणं असली कामं ठेवावीत. तरावीहनंतर मशीन चालवणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचाही विचार करावा.

आणि कापड घ्यायला जाल तेव्हा जमत असेल तर एका मुलापुरतं जास्त घ्या, त्याच ताग्यातून. फित्रा ईदच्या नमाजाआधी द्यायचा असतो, तो याचसाठी की गरिबाच्या घरीही त्या दिवशी ईद असावी. पैसे, धान्य आपण देतो. कपडेही देतो, पण दिलेले कपडे मुलं लगेच ओळखतात. ते नेहमी दोन माप मोठे असतात, मोहल्ल्यात दहा जणांच्या अंगावर त्याच छापाचे असतात, आणि ईदगाहच्या रांगेत कोणाला कुठून काय मिळालं हे सगळ्यांना दिसतं. मापात शिवलेल्या कुर्त्यावर असा शिक्का बसत नाही. माप घेण्याचीही रीत आहे. सगळ्या मुलांना दारात ओळीने उभं करा, कोण किती उंच झालं याचा खेळ लावा, चौकटीवर पेन्सिलीने खुणा करा आणि छातीचं मापही त्याच गडबडीत घ्या. शेजारच्या विधवा बाईच्या मुलाचं माप त्यात आपोआप येतं, कोणाला काही सांगावं लागत नाही. शिवून झालं की कुर्ता चाँदरातीच्या आधी पोचवा. चाँदरातीला दिलेला कपडा आयत्या वेळी आठवल्यासारखा वाटतो, आणि सैल-घट्ट झाला तर दुरुस्तीला वेळही उरत नाही. त्या कुर्त्यातही माया तेवढीच ठेवा, आणि ती कशी उसवायची ते त्याच्या आईला दाखवून ठेवा.

शेवटी इस्त्री. कपडे उलटे करून शिवणी दाबायच्या, मग सुलटे. इस्त्रीआधी टाचण्या मोजा, जितक्या लावल्या तितक्या डबीत परत आल्या पाहिजेत. एक जरी कमी भरली तरी प्रत्येक शिवणीवरून, बाहुलीच्या कुर्त्यावरूनसुद्धा, बोट फिरवून बघा आणि मगच कपडे खुंटीला लावा.