जामीन राहिलेल्या संस्था

एखाद्या कचेरीतील नोकरवर्गाने दरमहा पगारातून थोडी रक्कम बाजूला काढावी, त्या साठ्यातून निकडीच्या वेळी सहकाऱ्यास माफक व्याजाने कर्ज द्यावे, आणि त्या कर्जास शेजारच्या मेजावर बसणाऱ्यानेच जामीन राहावे, ही पगारदारांच्या पतपेढीची रीत महाराष्ट्रातील शिक्षकांस, रेल्वे कामगारांस आणि सरकारी कारकुनांस चांगली परिचित आहे. अमेरिकेत अशाच स्वरूपाची संस्था ‘क्रेडिट युनियन’ या नावाने रुजली, आणि तिच्या रुजण्यात हिंदुस्थानचाही काही वाटा आहे. बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फाइलीन १९०७ साली या देशात आले असता, १९०४ च्या कायद्यान्वये निघालेल्या ग्रामीण पतसंस्थांचा कारभार त्यांनी पाहिला, आणि स्वदेशी परतल्यावर या चळवळीचे ते मोठे पुरस्कर्ते झाले. १९०९ मध्ये मॅसेच्युसेट्स राज्याने, व १९३४ मध्ये रूझवेल्ट यांच्या कारकीर्दीत मध्यवर्ती सरकारने तिला कायद्याचे अधिष्ठान दिले.

ओक्लाहोमा सिटी या शहरात मध्यवर्ती सरकारच्या नोकरांची अशीच एक पेढी होती. आल्फ्रेड पी. मर्रा इमारत या नऊमजली सरकारी वास्तूच्या तिसऱ्या मजल्यावर तिचे दप्तर असे. बुधवार, १९ एप्रिल १९९५ रोजी सकाळी ९ वाजून २ मिनिटांनी, टिमथी मॅकव्हे या माजी सैनिकाने इमारतीच्या दर्शनी बाजूस आणून उभ्या केलेल्या मालमोटारीतील स्फोटकांचा भडका उडाला, आणि इमारतीचा उत्तरेकडील भाग मजल्यांसह कोसळला. १९ मुले धरून १६८ माणसे त्यात मृत्यू पावली. सरकारवरील द्वेषाने हे कृत्य घडले. परंतु ज्या पेढीवर त्याचा भीषण आघात झाला ती सरकारच्या मालकीची नव्हतीच. तिचे धनी तिचे सभासद होते, आणि ठेव लहान असो वा मोठी, कारभारात प्रत्येकास एकच मत होते. तिच्या ३३ कर्मचाऱ्यांपैकी १८ जण त्या सकाळी गेले. मुख्याधिकारी फ्लॉरेन्स रॉजर्स या आपल्या दालनात सहकारी स्त्रियांशी कामकाजाची चर्चा करीत असताना समोरची जमीनच नाहीशी झाली. त्या स्वतः भिंतीलगतच्या एका अरुंद तुकड्यावर बचावल्या. समोर बसलेल्या स्त्रिया मात्र ढिगाऱ्यात गडप झाल्या.

अशा प्रसंगी पेढीचे काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. ठेवींना मध्यवर्ती विमा निधीचे संरक्षण होते, म्हणून सभासदांचा पैसा बुडण्याचे भय नव्हते. परंतु पैसा सुरक्षित असणे आणि तो गरजेच्या दिवशी हाती पडणे या दोन भिन्न गोष्टी होत. आणि गरज तर त्याच आठवड्यात सर्वाधिक होती. कारण या पेढीचे सभासद मुख्यतः सरकारी नोकर असल्याने, त्यांतील कित्येकांच्या घरी मृत्यू येऊन गेला होता. कोणास अंत्यसंस्काराचा खर्च भागवायचा होता, कोणास इस्पितळाचा. कोणाच्या खात्याचा वारस ठरवायचा होता, तर कोणाच्या कर्जाचा हिशेब कर्जदारामागे मिटवायचा होता. हे सारे ज्यांनी पाहावे, त्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसेच उरली नव्हती, आणि उरलेल्यांत कित्येक जखमी होते.

तरीही दोन दिवसांच्या आत पेढीचे व्यवहार दुसऱ्या जागेत सुरू झाले. इतर क्रेडिट युनियन मदतीस धावून आल्या. त्यांच्या कर्मचाऱ्यांनी परक्या पेढीच्या खिडकीशी बसून अनोळखी सभासदांची कामे केली. व्यापारी जगात प्रतिस्पर्ध्याचे दार बंद झाले की त्याचे गिऱ्हाईक आपल्याकडे वळवण्याची तजवीज होते. येथे ते दार पुन्हा उघडावे म्हणून शेजाऱ्यांनी आपली माणसे दिली. सहकारी संस्थांनी परस्परांस साहाय्य करावे, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९६६ मध्ये आपल्या तत्त्वांत समाविष्ट केले होते. परिषदांतील ठरावांतून वारंवार उच्चारले जाणारे हे वचन ओक्लाहोमा सिटीत रोकड मोजण्याच्या आणि पावत्या फाडण्याच्या साध्या कामातून खरे ठरले.

दुःखाला वेगळी सवड काढता आली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. मृत सहकाऱ्याच्या कुटुंबाचा दावा निकालात काढणारा हात त्याच सहकाऱ्याच्या शोकाने थरथरत होता. म्हणून या पेढीत कारभार आणि स्मरण यांची फारकत करता येणे शक्यच नव्हते. पुढे मर्रा इमारतीच्या जागी स्मारक उभारले गेले आणि १९ एप्रिल २००० रोजी त्याचे लोकार्पण झाले. तेथील हिरवळीवर १६८ रिकाम्या खुर्च्या इमारतीच्या मजल्यांनुसार नऊ रांगांत मांडल्या आहेत, त्यामुळे पेढीतील मृत सहकारी आजही एकाच रांगेत आहेत. दरवर्षी त्या तारखेस १६८ सेकंद स्तब्धता पाळून सर्व नावे वाचली जातात. पेढीनेही पुढे ‘अलीजन्स क्रेडिट युनियन’ असे नवे नाव धारण करून आपला व्यवहार चालू ठेवला.

आपल्याकडील पतपेढ्यांनी यातून घ्यावा असा धडा भावनेचा नाही, बंदोबस्ताचा आहे. हिशेबाची दुसरी प्रत दूरच्या ठिकाणी ठेवणे, प्रत्येक खात्यास वारसाची नोंद वेळीच करून घेणे, आणि आपत्तीत एकमेकींची खिडकी चालवण्याचा करार शेजारच्या दोन-तीन पेढ्यांशी आधीच करून ठेवणे, ही कामे शांततेच्या दिवसांतच उरकावी लागतात. सभासदाने सभासदास जामीन राहणे आपल्याला ठाऊक आहे. संस्थेने संस्थेस जामीन राहण्याची पद्धत मात्र अजून आपल्या पोटनियमांत यावयाची आहे.